वाढलेल्या ताटावरून

जाहीर निवेदन. देशातल्या आणि परदेशातल्या तमाम मराठी भाषकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यात एक मराठी माणूस होता. तो सांगलीचा होता. आणि ऐन मोक्याच्या क्षणी त्याचं तोंड भरलेलं होतं.

ह्यातली पहिली दोन वाक्यं टेक्सासातल्या आमच्या प्लेनो गावात लहान पोरांनाही पाठ आहेत. तिसरं मला गेल्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. ते कळण्यासाठी मला चार तास दक्षिणेला गाडी हाकावी लागली आणि दहीभाताच्या डब्यातलं दही एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या पायाला चोपडावं लागलं.

तो माणूस म्हणजे दत्ताकाका. साठचं दशक नुकतंच सुरू होत होतं तेव्हा ते इंजिनिअरिंग शिकायला टेक्सासात आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठी मंडळात त्यांच्याहून जुनं कोणी नाही. इंग्रजी इतकं घोटीव, की मांजराला हाकलतानासुद्धा आधी 'एक्सक्यूज मी' म्हणतात. दर गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की कोणीतरी म्हणतंच, "काका, ते कॅफेचं सांगा ना!" मग काका उपरणं सावरतात, घसा खाकरतात आणि सुरू होतात.

"गावात कॅफे एकच. गोऱ्यांना पुढचं दार, बाकी सगळ्यांना मागची खिडकी. आम्ही ठरवलं, पुढच्या दारानं जायचं. ओपल काळी, शाळेत शिकवायची. चुई मेक्सिकन सुतार. आणि तिसरा मी! ठरलं असं, की तिघांनी काउंटरवर बसायचं. एकाला जरी 'नाही' म्हटलं तरी तिघांनी एकदम उठायचं. दुसऱ्याला वाढलं असलं तरी त्यानं शिवायचं नाही. काय सांगू! तिघं बसलो, तिघं उठलो!"

ह्या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडतात. ऑफिसांतून दमून आलेली आयटीवाली मंडळी "सॉलिड, काका!" म्हणतात, पोरं "कूल" म्हणतात, आणि काका श्रीखंडाकडे वळतात.

मार्चमध्ये काकांना ओपलबाईंचा फोन आला. त्या घर आवरून अटलांटाला लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. कॅफेच्या त्या गावालगत लढ्यातल्या लोकांनी बांधलेला एक हॉल आहे, तिथं दर एप्रिलमध्ये सगळे एकत्र जेवतात. ह्या वेळच्या जेवणात त्यांना ती कॅफेची गोष्ट रेकॉर्ड करून ठेवायची होती. "चुई गेला," त्या म्हणाल्या. "आता आपण दोघंच. माझा भाग मी सांगीन, तुझा तू येऊन सांग."

काकांच्या गाडीची किल्ली त्यांच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी लपवली आहे, ती अजून सापडलेली नाही. तेव्हा सारथ्य माझ्याकडे आलं. मी मंजिरी, माहेर नागपूर, वय पन्नाशीच्या पलीकडे दोन पावलं. दिवसा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि उरलेल्या वेळात मंडळाच्या नाटकांत खाष्ट सासवा करते. दोन्ही कामांना लागणारा स्वभाव एकच.

शुक्रवार, निळा रस्ता

हायवेचं वर्णन मी करणार नाही. ज्यानं टेक्सासचा एक हायवे पाहिला त्यानं सगळे पाहिले, आणि ज्यानं पाहिला नाही त्याचं काही अडलेलं नाही. दुपारी आम्ही त्यातून बाहेर पडलो आणि लहान रस्त्याला लागलो, तिथून मात्र मला आपण जागे आहोत की नाही ह्याची खात्री वाटेना.

एप्रिलमध्ये इथं ब्लूबॉनेटची फुलं येतात. रानफुलं, वीतभर उंचीची, निळी. आभाळ वरून कुठंतरी फाटलं असावं आणि निळाई खाली गळून शेतांत साचली असावी, असं दिसतं. मधूनच एखादी गाय पोटापर्यंत निळ्यात उभी. एखादी पवनचक्की, वारा नसताना उगाच एक गिरकी घेऊन थांबलेली. रस्त्यावर ऊन थरथरत होतं आणि पुढची टेकडी सारखी विरघळून पुन्हा जमत होती. मी गाडी चालवत नव्हते. कोणीतरी मला हळूच पुढं ओढत होतं.

काका गप्प होते. हे अघटित होतं. चकलीचा डबा मांडीवर उघडा, एकही कमी झालेली नाही. मध्ये कॉफीला थांबलो तिथल्या मुलीनं विचारलं, "सर, पीच पाय देऊ? गरम आहे." काका असे मागे सरकले, की जणू तिनं साप पुढं केला.

आता इथं एक खुलासा. 'पाय' म्हणजे तो इंग्रजी पदार्थ. मैद्याची पारी, आत फळांचं सारण. आपला पाय वेगळा. दोन्ही पाय ह्या प्रवासात सारखेच महत्त्वाचे असल्यामुळे वाचकांनी पाय जपून टाकावेत.

टेक्सासात एक रीत आहे. ब्लूबॉनेट फुलले की घरातल्या पोरांना त्यात नेऊन बसवायचं आणि फोटो काढायचा. आपल्याकडे पोराला बोरन्हाण घालतात तितकीच सक्तीची. मी म्हटलं, पोर जवळ नाही तर काका आहेत. गाडी कडेला घेतली, काकांना फुलांत बसवलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा पांढरा शर्ट, भोवती निळा समुद्र. मी मोबाईल वर धरला आणि म्हटलं, "हसा, काका."

काका हसले नाहीत. ते ओरडले. मी त्यांना बरोबर लाल मुंग्यांच्या वारुळावर बसवलं होतं.

ह्या मुंग्या चावत नाहीत, डागतात. काकांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, बूट-मोजे काढले. उजवा घोटा तांबड्या टपोऱ्या फोडांनी भरला होता. बर्फ वितळून गेलेला, औषध जवळ नाही. मग मी दहीभाताचा डबा काढला, त्यातल्या छोट्या डबीतलं दही बोटांनी उचललं आणि काकांच्या घोट्याला थापलं. आजूबाजूला मैलभर निळं, गाडीचं दार उघडं, दाराबाहेर एक पांढरा पाय. आणि त्या अवस्थेत काका म्हणाले, "मंजू, बरं झालं चावल्या."

"का हो?"

"मी उठलो नव्हतो."

मला वाटलं, वारुळावरून. म्हटलं, "अहो, उठलात की! केवढ्यानं उठलात!"

"तिथून नाही गं. कॅफेतून."

मग त्यांनी सांगितलं. तिघं बसले, इथपर्यंत खरं. मालकानं ओपल आणि चुईला मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. काकांकडे बघून विचारात पडला. विचारलं, "तू कुठला? मेक्सिकन?" काका म्हणाले, "सांगली." मालकाला वाटलं, सांगली हा एखादा देश असावा. परदेशी पाहुणा! तो खूश झाला, फडकं मारून काउंटर पुसला आणि न मागता पीच पायची बशी काकांसमोर ठेवली.

ओपल आणि चुई उठले आणि दाराकडे चालू लागले.

"आणि मी बशीकडे बघितलं," काका म्हणाले. "मंजू, लहानपणी एकदा मी भावाशी भांडून भरल्या ताटावरून उठलो होतो. आईनं ते ताट तसंच झाकून ठेवलं. दोन दिवस ती जेवली नाही. एक शब्द बोलली नाही मला. वाढलेल्या ताटावरून उठायचं नाही, हे तेव्हा जे अंगात गेलं ते गेलंच. ती बशी समोर आली आणि मी त्या स्टुलाला चिकटलो. भूक तर होतीच. महिनाभर पाव आणि डब्यातला राजमा ह्यावर होतो. पण भुकेचं नाही ते. हात आपोआप गेला गं. एक घास घेतला आणि मग... अर्धं टाकून उठायचं तेही नाही ना शिकलो."

"मग?"

"मग सगळा खाल्ला. बाहेर आलो तेव्हा ते दोघं समोरच्या झाडाखाली उभे. मी सांगितलं, मालकानं अडवून ठेवलं, हिंदुस्थानातल्या हत्तींबद्दल विचारत होता." काकांनी दही लागलेल्या घोट्याकडे बघितलं. "ते दाराकडे जाताना वळूनसुद्धा बघत नव्हते, मंजू. मी मागून येतोच आहे असं धरून चालले होते."

मी घोट्यावर दह्याचा आणखी एक थर दिला.

आणि गोष्ट तिथंच संपली नव्हती. पुढच्या आठवड्यात मालक गावभर सांगत सुटला, 'मी कुठं रंग बघतो? त्या हिंदुस्थानी पोराला मी स्वतःच्या हातानं वाढलं. सभ्य पोरगा, खाल्लं आणि थँक यू म्हणाला. भांडणं उकरतात ती हीच माणसं.' मग त्यानं मेक्सिकन वस्तीत निरोप धाडला: तुम्ही खुशाल पुढच्या दारानं या, फक्त त्या काळ्यांची साथ सोडा. काकांच्या एका बशीनं त्याला युक्ती शिकवली होती. मंडळी फोडायची कशी, ह्याची.

"आणि आले ते लोक पुढच्या दारानं?"

"एकही नाही. चुईनं उलट निरोप पाठवला, सगळे नाही तर कोणीच नाही. जेवणाच्या सुट्टीत लाकडाच्या वखारीत कोरडी रोटी खायचे, पण त्या दाराला शिवले नाहीत. शेवटी सगळ्यांना वाढायचं, की कॅफे बंद करायचा, अशी वेळ आली. मालकानं एका सकाळी दाराला फळ्या ठोकल्या. चुईला ते जमलं. मला एका बशीपुढं जमलं नाही. आणि मी तीस गणपती सांगतोय, तिघं उठलो."

मी चमच्यानं दही सारखं करत म्हटलं, "काका, साठ वर्षं होऊन गेली. बाई गाव सोडून चालल्यात. त्यांना छान आठवण घेऊन जाऊ द्या की."

"आठवण तिची आहे," काका म्हणाले. "त्यात खोटं मी घातलंय. ती जायच्या आत मला ते काढून घ्यायचंय. आणि त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल, ह्याचीच मला भीती वाटते."

मी गाडी सुरू केली. मागे आरशात निळं हळूहळू मिटत गेलं.

शनिवार सकाळ, तीन स्टुलांची जागा

गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या मालकाची नातवंडं अजून तिथं असतील, आणि आजोबांच्या पापांसाठी नातवंडांना प्रवासवर्णनात उभं करणं बरं नव्हे. पेकनची मोठाली झाडं, त्यांच्या सावल्यांत अर्धवट झोपलेले रस्ते, तारेवर बसून एकाच सुरात हुंदके दिल्यासारखे घुमणारे पारवे. चौकातलं घड्याळ पावणेचारवर थांबलेलं. कधीच्या पावणेचारवर, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काका लंगडत चालले होते, पण त्या रस्त्यांवर ते मला चौऱ्याऐंशीचे वाटेनात. दर कोपऱ्यावर त्यांचं एकेक वर्ष कमी होत होतं.

"हा," ते थांबले. "हाच."

कॅफेच्या जागी आता एका व्हिएतनामी बाईंचं नखं रंगवायचं दुकान आहे. काचेतून आत दिसलं. जिथं काउंटर होता, तिथं तीन मोठ्या खुर्च्या, खाली कोमट पाण्याची भांडी, आणि तीन बायका त्यांत पावलं सोडून डोळे मिटून बसलेल्या. एक काळी, एक गोरी, एक मेक्सिकन. शपथेवर सांगते, मी ही मांडणी केलेली नाही.

"काका," मी कुजबुजले, "तुम्ही जिथं पाय खाल्ला, तिथं आता पाय धुतात."

काका पहिल्यांदा हसले. दुकानवाल्या बाई दार उघडून म्हणाल्या, "वॉक-इन? अपॉइंटमेंट नाही? चालेल. या, या, बसा!" काकांच्या सुजलेल्या घोट्याकडे बघून त्यांनी "ओह!" केलं आणि आतून एक मलमाची डबी आणून हातात ठेवली. पुढच्या दारातून. न विचारता, तुम्ही कुठले.

शनिवार दुपार, हॉल

हॉल गावाबाहेर आहे. जागा एका जर्मन वंशाच्या शेतकरीण विधवेनं दिली, बाकं काळ्यांच्या चर्चनं, आणि हातानं उभा केला मेक्सिकन सुतारांनी. पांढऱ्या फळ्यांची लांबट, साधी इमारत. पेकनच्या झाडांतून ऊन गळून तिच्यावर पडत होतं, म्हणून ती पाण्याखाली असल्यासारखी हलत होती.

दारात इर्मा उभी होती. चुईची मुलगी, वय साठीच्या जवळ, गावात बेकरी चालवते, हात कोपरापर्यंत पिठाळ. तिनं काकांना मिठी मारली आणि काकांची पाठ पांढरी झाली. "पापा सांगायचे, दत्ता आला की आधी दार दाखव."

काकांनी दाराला हात लावला. जाड, जड ओकचं दार. त्यांनी वाकून कड तपासली आणि म्हणाले, "बिजागरी!"

"बिसाग्रा!" इर्मा म्हणाली.

मला वाटलं, काहीतरी मंत्र चाललाय. मग उलगडलं. सुट्टीच्या दिवशी काका चुईच्या सुतारखान्यात चार पैसे मिळवायला जात. चुईला इंग्रजी कमी, काकांना तेव्हा त्याहून कमी. एकदा काका दाराच्या त्या वस्तूला काय म्हणतात ते आठवेना म्हणून हवेत हात उघडमीट करत ओरडले, "अहो ती, ती बिजागरी!" आणि चुईनं शांतपणे बिजागरी काढून हातात दिली. स्पॅनिशमध्ये तिला बिसाग्राच म्हणतात. मग दोघं शब्द शोधत सुटले. मेज म्हणजे मेसा. पगार म्हणजे पागार, पैसे चुकते करणं. पोर्तुगीज आपल्याकडे येऊन जे शब्द ठेवून गेले, त्यांची चुलत भावंडं टेक्सासात सुतारकाम करत होती!

"तीन बिजागऱ्या आहेत," मी म्हटलं. "एका दाराला?"

"एवढ्या जड दाराला तीन लागतात," काका म्हणाले. "दोनवर दार लोंबतं."

आणि त्यांनी मधल्या बिजागरीवरून बोट फिरवलं.

ओपलबाई आत होत्या. उंच, काटकुळ्या, लव्हेंडर रंगाचा ड्रेस आणि त्यावर तसलीच हॅट. साठ मुलांचा वर्ग अजून समोर बसलाय असा आवाज. सगळं गाव त्यांना 'मिस ओपल' म्हणतं, वय काही असो. आपल्याकडे शाळेतल्या बाई ऐंशीच्या झाल्या तरी बाईच राहतात, तसंच.

"उशीर केलास, दत्ता."

"मुंग्या," काका म्हणाले.

"तुझ्याकडे कारण नेहमी प्राण्यांचंच असतं," बाई म्हणाल्या. मला त्यात काही वाटलं नाही. तेव्हा.

जेवण झाडांखाली होतं. एकच लांबच लांब टेबल, पंचवीस-तीस माणसं. मक्याच्या सालीत उकडलेले टमाले, मक्याचा पाव, चवळी, बटाट्याचं सॅलड, मंद आचेवर रात्रभर शिजलेलं मांस, आणि मी नेलेले साबुदाणा वडे, ज्यांना एका आजोबांनी "मोत्यांची भजी" असं नाव दिलं. सगळं समोर होतं, पण कोणी हात लावेना. मी ताट उचलून पुढं होणार, तेवढ्यात इर्मानं माझा हात धरला.

"इथं आपलं आपण वाढून घ्यायचं नाही. समोरचा वाढतो."

ही त्या हॉलची रीत. ज्या लोकांना गावात कोणी वाढत नव्हतं, त्यांनी पहिल्या जेवणालाच ठरवलं, की इथं प्रत्येकाला दुसऱ्यानं वाढायचं. मी हरखून गेले. हजारो मैल दूर, हॅटा आणि बूट घातलेली पंगत! फक्त आग्रहाची पद्धत वेगळी. आपण 'अजून एक, माझी शपथ' म्हणतो, ते न विचारताच वाढतात आणि मग 'मेलास तरी चालेल, पण संपव' अशा नजरेनं बघतात.

काकांच्या समोर ओपलबाई होत्या. त्यांनी काकांचं ताट घेतलं. "तू मांस खात नाहीस," असं स्वतःशीच म्हणत चवळी वाढली, पाव ठेवला, सॅलड, माझा एक वडा. मग त्या थोड्या पुढं वाकल्या आणि इर्माच्या घरून आलेल्या मोठ्या परातीतून सोनेरी कडांचा एक त्रिकोण उचलून ताटाच्या मधोमध ठेवला.

पीच पाय.

इर्मानं टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून मोबाईल उभा केला होता. "मिस ओपल, सुरू केलंय हं रेकॉर्डिंग. कोण आधी?"

वाऱ्यानं टेबलक्लॉथची कड उचलली आणि पुन्हा ठेवली. पारवे घुमत होते. मला त्या क्षणी खरंच वाटलं, की मी हे सगळं काचेतून बघते आहे. भरलेलं ताट, त्यावर झाडाची सावली, आणि त्यापुढं सांगलीचा एक बावीस वर्षांचा मुलगा.

काका उठले.

खुर्ची मागे सरकली, घोटा दुखला असणार, कारण त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. भरल्या ताटावरून, एकही घास न घेता, ते उभे राहिले. मी मराठी बाई आहे. माझ्या तोंडून "अहो, बसा!" निघणारच होतं.

"मला साठ वर्षांपूर्वी उठायचं होतं," काका त्यांच्या घोटीव इंग्रजीत म्हणाले. आवाज मात्र घोटीव नव्हता. "मिस ओपल, मी उठलो नाही. तुम्ही दोघं गेलात आणि मी बसून राहिलो. पाय खाल्ला. सगळा. हत्तींचं मी खोटं सांगितलं. त्या माणसानं पुढं माझं नाव घेऊन तुम्हांला जे जे ऐकवलं, ते माझ्यामुळं. चुईला सांगायचं राहून गेलं. तुम्हांला सांगितल्याशिवाय मला हे ताट खाता येणार नाही."

ओपलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुला मिशी होती."

"होती."

"तिला पायचा चुरा लागला होता."

काकांचा हात आपोआप ओठावर गेला. तिथं गेली चाळीस वर्षं मिशी नाही.

"तीन मैल चालत आलो आपण," बाई म्हणाल्या. "तीन मैल तू हत्ती सांगत होतास. कसे झोपतात, कसे पोहतात. आणि तो चुरा वर-खाली, वर-खाली."

इर्मा ओरडली, "पापा नक्कल करून दाखवायचे! मला वाटायचं, ते मनचं सांगतात!"

"तुम्हांला माहीत होतं?" काकांनी पुन्हा टेबलाची कड धरली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते की. एवढी चिडले होते, की आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं, माझा घसा बसलाय. तू माझ्यासाठी कसला तरी पिवळा काढा करून आणलास, तो मी कुंडीत ओतला. कुंडी मेली." त्या हसत नव्हत्या. "आणि तो माणूस तुझं नाव घेत गावभर फिरला, तेव्हा मी चुईला म्हटलं, तो मुलगा पुन्हा नको. चुई म्हणाला, रविवारी हॉलचं दार चढवायचंय आणि ते दोघांना उचलत नाही. रविवारी तू आलास. पुढच्या रविवारी आलास. फळ्या रंगवायला आलास, थंडीत छपरावर चढलास. माझा राग जायला वर्ष लागलं, दत्ता, खोटं कशाला सांगू. पण आमच्याकडे माणसं निवडायला जास्तीची नव्हती. जी होती, ती चुऱ्यासकट घ्यावी लागली."

काका उभेच. डोळे भरलेले.

"आता खाली बस. वाढलेलं गार होतंय."

ते बसले. बाईंनी त्यांचं ताट एक इंच त्यांच्याकडे सरकवलं, मग एकदम थांबल्या आणि पुढं वाकल्या. वर्गात कॉपी पकडताना वाकत असतील तशा.

"पण मला एक विचारायचंय. त्या माणसानं कॅफेच बंद केला, म्हणून आम्हांला कधी कळलंच नाही. मागच्या खिडकीतून पाय कधी द्यायचे नाहीत, नुसता वास यायचा त्याचा. चुई मरेपर्यंत सांगत होता, की पंचक्रोशीत तसा पीच पाय झाला नसेल. मी म्हणायची, शक्यच नाही. ह्यावर आम्ही आयुष्यभर भांडलो. आता खाल्लेला माणूस तू एकटाच. खरं सांग. कसा होता?"

काकांनी तोंड उघडलं. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं, की साठ वर्षांचं घोटीव इंग्रजी त्यांच्या घशापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. त्या हॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आता ते उत्तर कायमचं आहे. मी भाषांतर करायच्या आतच ओपलबाई टेबलावर थाप मारून "माहीत होतं मला! चुई, ऐकलंस?" म्हणत झाडांकडे बघून हसायला लागल्या, तेव्हा भाषांतर कोणाला लागलं नाही, आणि इथंही ते मी जसंच्या तसं देते. दत्ताकाका, वय वर्षं चौऱ्याऐंशी, दोन्ही हात टेबलावर आपटून मराठीत ओरडले:

"भिकार! अगदी भिकार होता हो, ओपलबाई, आणि तरी मी बशी पुसून खाल्ला!"